आज पु.लं.चा वाढदिवस, आणि आमच्या बॉनीचाही

8 नोव्हेंबर. सकाळपासून फेसबुक पु.लं.च्या फोटोंनी भरलंय आणि ते तसंच भरलेलं असावं. पण पु.लं.नंतर बरोबर तीस वर्षांनी, 1949 साली, याच तारखेला कॅलिफोर्नियातल्या बरबँकमध्ये एक मुलगी जन्माला आली. त्यामुळे माझ्या घरी हा दिवस दोघांचा असतो. सकाळी पु.ल., रात्री बॉनी.

बॉनी रेट, अमेरिकेची ब्लूज गायिका आणि गिटारवादक. ब्लूज म्हणजे तिकडच्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं. मी तिला एकेरीच म्हणते. लताला, आशाला आपण कधी अहो-जाहो केलं नाही, तसंच.

हे सगळं लिहायचं 2023 सालापासून मनात आहे. 6 फेब्रुवारीचा सोमवार होता, तिकडे लॉस एंजेलिसला रविवारची रात्र. मुलीचा डबा भरत होते आणि फोन ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता. ग्रॅमी या अमेरिकेतल्या संगीताच्या मोठ्या पुरस्कारांतला 'साँग ऑफ द इयर' जाहीर व्हायचा होता. नामांकनांत अडेल, बियॉन्से, टेलर स्विफ्ट, हॅरी स्टाइल्स, लिझो. तेव्हाच्या अमेरिकी अध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांनी पाकीट उघडून नाव वाचलं आणि कॅमेरा वळला तो लाल केसांच्या, कपाळावर पांढरी बट असलेल्या 73 वर्षांच्या बॉनीकडे. तिने आ वासला होता. आपलंच नाव घेतलंय यावर तिचा विश्वास बसत नव्हता. माझ्या हातातली पोळी हातातच राहिली.

आणि मग एका ब्रिटिश वृत्तपत्राने मथळा दिला, 'अनोळखी ब्लूज गायिका'. 'ही कोण?' म्हणणारे तर ढिगाने होते. मला खूप लागलं ते. त्या रात्रीपर्यंत तिच्याकडे दहा ग्रॅमी होते, त्या रात्री आणखी तीन आले. पण माझं दुःख आकड्यांचं नव्हतं. पन्नास वर्षं जी बाई दुसऱ्यांची नावं लोकांपर्यंत पोचवत आली, तिलाच लोकांनी अनोळखी म्हणावं?

माझी आणि तिची ओळख 1992 च्या पावसाळ्यातली. कॉलेजचं शेवटचं वर्ष. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून 'लक ऑफ द ड्रॉ'ची कॅसेट आणली होती, खरं तर मुखपृष्ठावरच्या केसांकडे बघून. त्यात ते गाणं होतं, 'आय कान्ट मेक यू लव्ह मी'. प्रेम नसलेल्या माणसाशेजारची शेवटची रात्र. ब्रूस हॉर्न्सबीचा पियानो, आणि त्यावर आवाज न चढवता, न रडता गाणारी ही. पहिल्याच दमात ते गाऊन झालं आणि पुन्हा तसं जमेना, असं तिने सांगितलंय. मी घरी आरडाओरडीत वाढलेली मुलगी. दुःख इतक्या खालच्या पट्टीतही सांगता येतं, हे मला त्या कॅसेटने दाखवलं.

तिची गिटार ऐकताना मला नेहमी आपली मींड आठवते. मधल्या बोटात काचेची नळी घालते ती. पूर्वी ही मंडळी बाटलीची मान कापून वापरायची, म्हणून त्याला 'बॉटलनेक'च म्हणतात. बहुतेक वादक ती करंगळीत किंवा अनामिकेत घालतात. ही सुरुवातीला आपली आपण, रेकॉर्ड ऐकून शिकली. कोणत्या बोटात घालतात हे सांगायला कोणी नव्हतं, म्हणून मधल्या बोटात घातली आणि तेच वळण पडलं. तार दाबायची नाही, काच नुसती तारेवर टेकवायची, आणि तीही पडद्याच्या, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्टीच्या, बरोबर वर. केसभर इकडेतिकडे झालं की सूर गेला. मागची बोटं तारेवर अलगद ठेवायची म्हणजे खरखर थांबते. एका सुरावरून दुसऱ्यावर ती जाते तेव्हा मधली सगळी वाट ऐकू येते. ज्यांनी विविधभारतीवर हवाईयन गिटारवर वाजवलेली सिनेमाची गाणी ऐकलीत, त्यांच्या कानाला हे परकं वाटायचं कारणच नाही.

तिची ती तपकिरी स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार 1965 सालची. 1969 मध्ये 120 डॉलरला घेतली आणि अजून तीच वाजवते.

वडील जॉन रेट ब्रॉडवेचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत रंगभूमीचे, नामवंत गायक. ही शिकायला गेली रॅडक्लिफ कॉलेजात आणि तिथे ब्लूजच्या म्हाताऱ्या उस्तादांच्या संगतीत रमली. मिसिसिपीचा फ्रेड मॅकडॉवेल, 1898 साली जन्मलेली सिपी वॉलेस. 1971 चा तिचा पहिला अल्बम मिनेसोटातल्या एका तळ्याकाठच्या रिकाम्या उन्हाळी शिबिरात, चार ट्रॅकच्या मशीनवर रेकॉर्ड झाला. त्यात तिने सिपी वॉलेसची गाणी गायली आणि पुढे खुद्द सिपीबाईंना सोबत घेऊन मंचावर उभी राहिली. घराणं मानणं आपल्याला शिकवावं लागत नाही. ही गोरी, सुखवस्तू घरातली मुलगी ज्या श्रद्धेने त्या लोकांच्या पायाशी बसली, ती आपल्याला लगेच ओळखू येते.

मग वाईट वर्षं आली. 1983 साली नवा अल्बम पुरा करून होतोय तोच रेकॉर्ड कंपनीने करार संपवला. तो अल्बम 1986 पर्यंत बाहेर आला नाही. दारू वाढली होती. 1987 च्या सुमाराला तिने ती सोडली, कायमची. नव्या कंपनीने हात दिला आणि निर्माता डॉन वॉझबरोबर 'निक ऑफ टाइम' हा अल्बम केला, 1989 साली. शीर्षकगीत तिने स्वतः लिहिलेलं, वय वाढण्यावरचं. मूल हवं असलेली आणि दिवस निघून चाललेली मैत्रीण, थकत चाललेले आईवडील. रॉकमध्ये असल्या गोष्टींवर कोण गातं? 1990 च्या फेब्रुवारीत चार ग्रॅमी मिळाले आणि वर्षभरापूर्वी आलेला तो अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. चाळिशी ओलांडून तीनच महिने झाले होते. माझी चाळिशी आली तेव्हा मी ते गाणं रोज लोकलमध्ये ऐकायचे, ठाणे ते भायखळा.

'ती स्वतः गाणी फारशी लिहीत नाही' असा एक आक्षेप असतो. मला तो कळतच नाही. भीमसेनजींनी तुकोबांचे अभंग गायले म्हणून कोणी त्यांना कमी लेखलं का? गाण्याच्या आत शिरून राहणं हीसुद्धा निर्मितीच. 'एंजल फ्रॉम मॉन्टगोमेरी' हे गीतकार-गायक जॉन प्राइनने विशीत असताना लिहिलेलं गाणं, संसारात विझून गेलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडचं. बॉनीने ते 1974 मध्ये पहिल्यांदा रेकॉर्ड केलं. पुढच्या रेकॉर्डिंगांमध्ये ऐका, त्या गाण्यातली बाई आणि गाणारी बाई जवळजवळ येत जातात. माझं स्पष्ट मत आहे, सत्तरीतला तिचा आवाज पंचविशीतल्या आवाजापेक्षा कितीतरी चांगला आहे. खाली उतरलाय, जाड झालाय, एका शब्दावर थांबायचं त्याला कळतं.

आणि मंचावर ती गाणं कोणाचं ते सांगते. लिहिणाऱ्याचं नाव घेऊन.

आम्हा चाहत्यांचा तिच्यावर जीव का जडतो, याचं माझ्यापुरतं उत्तर मिसिसिपीतल्या कोमो गावच्या दफनभूमीत आहे. फ्रेड मॅकडॉवेल 1972 मध्ये वारला. ज्याच्याकडून तिने काचेची ती भाषा उचलली, त्याच्या थडग्यावरच्या दगडावर नावच चुकीचं कोरलं होतं. आडनावातलं एक अक्षर चुकलेलं, आणि वीस वर्षं ते तसंच. 1993 साली तिथे नवा दगड बसला, बरोबर नावाचा. पैसे बॉनीने दिले. 1988 मध्ये ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं करणाऱ्यांतही ती होती. ज्यांच्या रेकॉर्डवर कंपन्या श्रीमंत झाल्या आणि ज्यांना मानधनाचा हिशोबही कधी दिसला नाही, अशा जुन्या कृष्णवर्णीय कलावंतांना म्हातारपणी औषधपाण्याला पैसे मिळावेत म्हणून ते काम. आपल्याकडे उतारवयातल्या तमाशा कलावतींच्या थकलेल्या मानधनाची बातमी वाचते, तेव्हा मला हेच आठवतं. आपल्याकडे अशा कलावतींची गाणी गाऊन मोठे झालेले किती जण त्यांच्या दारी गेले?

डिसेंबर 2024 मध्ये तिला केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला, कलावंताच्या आयुष्यभराच्या कामासाठी अमेरिकेत दिला जातो तो. ते फोटो पाहून मन भरून आलं. फार वाट पाहायला लावली.

आता ज्या गाण्याने 'अनोळखी'चा गदारोळ झाला, त्याबद्दल. 'जस्ट लाइक दॅट'. बातम्यांत पाहिलेल्या एका प्रसंगावरून सुचलेलं, तिने एकटीने लिहिलेलं. 2020 मध्ये कोविडने गेलेल्या जॉन प्राइनच्या धाटणीत, बोटांनी तारा छेडत. मुलगा गेल्यापासून अंधारात बसलेली एक बाई. एक अनोळखी माणूस तिच्या घराभोवती चकरा मारतो, मग थांबतो, दार वाजवायलाही वेळ घेतो. आत आल्यावर सांगतो की तुमच्या मुलाचं हृदय माझ्यात आहे. आणि ती त्याच्या छातीला कान लावते.

माझी आई 81 वर्षांची आहे. इंग्रजी तिला येत नाही. ग्रॅमीनंतरच्या रविवारी दुपारी ती मेथी निवडत बसली होती आणि मी गाणं लावलं. "काय म्हणतेय गं ही?" म्हणाली. मी एकेक कडवं थांबवून मराठीत सांगत गेले. छातीला कान लावण्याशी आलो तेव्हा तिचे हात थांबले. जुडी मांडीवर तशीच. गाणं संपलं तरी ती काही बोलेना.

मग म्हणाली, "त्याला जेवायला थांबवलं असेल ना गं तिने?"

मी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.