एका पोकळ टिंबासाठी

कीबोर्डवर शंभरावर बटणं असतात. त्यांत स्क्रोल लॉक आहे. ते दाबल्यावर काय होतं हे बहुतेकांना माहीत नाही आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलंही नाही. उभ्या दांडीला बटण आहे, नागमोडी रेघेला आहे. तापमान लिहायला लागणाऱ्या एवढ्याशा पोकळ टिंबाला, म्हणजे डिग्रीच्या चिन्हाला (°), मात्र जागा नाही.

मग आल्टची आराधना करावी लागते. विंडोजमध्ये डाव्या हाताने आल्ट दाबून ठेवायचं, उजव्या हाताने न्यूमपॅडवर, म्हणजे उजवीकडच्या अंकांच्या वेगळ्या बटणांवर, ०१७६ मारायचे आणि आल्ट सोडायचं. सोडेपर्यंत स्क्रीनवर काहीही दिसत नाही, सगळा श्रद्धेचा मामला. वरच्या ओळीतले अंक इथे चालत नाहीत, त्यामुळे न्यूमपॅड नसलेल्या लॅपटॉपवर ही विद्या तिथेच खुंटते. पहिलं शून्य बिनकामाचं समजून गाळलंत, तर ° ऐवजी ░ पदरात पडतं. शून्यासकटचा आकडा विंडोजच्या चिन्हांच्या तक्त्यात शोधला जातो आणि शून्याविना तोच आकडा डॉसच्या जमान्यातल्या जुन्या तक्त्यात. त्या तक्त्यात डिग्री २४८वर आहे आणि १७६वर ही ठिपक्यांची जाळी. शून्याला किंमत नसते असं म्हणणाऱ्याने हा प्रयोग जरूर करावा.

वर्डमध्ये उलटी रीत: आधी कोड लिहायचा, मग आल्ट-एक्स. डिग्रीचा कोड ००बी०, त्यातला ‘बी’ रोमन. आळसाने नुसतं बी० लिहिलं तरी चालतं, पण ते २५ला चिकटवून लिहिलं की वर्ड सगळं मिळून २५बी० असा कोड वाचतो आणि पंचवीस अंशांच्या जागी ▰ हा काळा, तिरका चौकोन आणून बसवतो. यावर उतारा म्हणजे फक्त कोडचा भाग सिलेक्ट करून मग आल्ट-एक्स. मॅकवाले ऑप्शन-शिफ्ट-८ दाबून मोकळे होतात, आणि वर आपल्याकडे दयेने बघतात.

या कटकटीला कंटाळून माणूस जुगाडाकडे वळतो आणि खरी धमाल तिथे आहे. शून्य लिहून त्याला सुपरस्क्रिप्ट करायचं, झाली डिग्री! दिसतेही हुबेहूब. तो मजकूर साध्या ईमेलमध्ये पेस्ट केला की शून्य वरच्या मजल्यावरून खाली उतरतं आणि खोलीचं तापमान २५० होतं. सिम्बॉल फॉन्टचा जुगाड तर त्याहून घातक. तिथे दिसणारा ग्रीक म्यू (µ, म्हणजे मायक्रोचं चिन्ह) आतून साधा रोमन एम असतो आणि विजेचा रोध मोजायच्या ओमचं चिन्ह (Ω) डब्ल्यू. फॉन्ट उडाला की मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात, म्हणजे औषधाचा डोस हजारपट, आणि दहा ओमचा रेझिस्टर दहा वॉटचा. स्पेलचेक यावर चकार शब्द काढत नाही.

बरं, अस्सल चिन्ह मिळालं तरी जुळ्या भावंडांचा घोळ राहतोच. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या सामायिक यादीत, म्यू दोन आहेत, एक मायक्रोचा आणि एक ग्रीक वर्णमालेतला. बऱ्याच फॉन्टांत दोघे सारखेच दिसतात, पण काही प्रोग्रॅममध्ये एकाला शोधलं तर दुसरा सापडत नाही. वजाबाकीच्या चिन्हाचंही तेच. पुस्तकी छपाईचं लांब वजा एक्सेलमध्ये पेस्ट केलं की −५ हा बऱ्याचदा आकडा न राहता मजकूर होतो आणि बेरीज त्याला गुपचूप वगळते.

मला पटलेला त्यातल्या त्यात शहाणा उपाय असा: लागणारी वीस-पंचवीस चिन्हं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एकदाच गोळा करायची आणि तिथून कॉपी करत राहायचं. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, यूटीएफ-८ ठेवायचं आणि उघडतानाही तेच. उघडताना चुकून विंडोजचं जुनं एन्कोडिंग लागलं, तर यूटीएफ-८मधल्या डिग्रीचे दोन बाइट दोन वेगळी अक्षरं म्हणून वाचले जातात. डिग्री येते, पण प्रत्येक डिग्रीच्या आधी टोपी घातलेला एक रोमन ‘ए’ हजर असतो. त्या टोपीवाल्या ‘ए’लाही कीबोर्डवर बटण नाही.