खुलासा: टोगॅफचं प्रमाणपत्र कारखान्याला लागत नाही

बेळगावच्या उद्यमबागेतल्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ईआरपी (सगळ्या विभागांचं काम एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवण्याआधी कारखान्याला टोगॅफ (कामकाज आणि संगणक यंत्रणेचा आराखडा आखायची पद्धत) प्रमाणपत्र सक्तीचं, त्या आराखड्याला महागडं सॉफ्टवेअर हवं. दोन्ही चूक. टोगॅफ चालवणाऱ्या 'द ओपन ग्रुप' संस्थेच्या साइटवर पाहा: टोगॅफची प्रमाणपत्रं व्यक्ती, टूल आणि प्रशिक्षणासाठी असतात, कारखान्यासाठी नाहीत. आर्किमेट या ठरलेल्या चित्रभाषेतला आराखडा 'आर्ची' या सॉफ्टवेअरमध्ये फुकट काढता येतो.

सगळ्या प्लांटचा आराखडा एकदम काढायला घेऊ नका. चित्र संपेपर्यंत जुनं होतं. एकच साखळी घ्या: ऑर्डर, मोल्डिंग, ओतकाम, फेटलिंग (ओतलेल्या भागाची साफसफाई), डिस्पॅच. चित्रात प्रत्येक टप्प्याखाली त्याचं सॉफ्टवेअर, त्याखाली सर्व्हर. डिस्पॅचवाल्यांची एक्सेल हमखास सुटते. हीट नंबर (वितळवलेल्या धातूच्या प्रत्येक घाण्याचा क्रमांक) तिथं पुन्हा हातानं टाकला जातो, म्हणून नंतर स्टॉक जुळत नाही. ती एक्सेल चित्रात आधी दाखवा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.