विद्युत वाहनधारकांना काही सविनय सल्ले

इलेक्ट्रिक गाडी घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघताना केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांची छापील प्रत सोबत ठेवावी. 2022 च्या सूचनांनुसार महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरवर चार्जिंग स्टेशन अपेक्षित होते; त्यामुळे गेल्या आठवड्यात साताऱ्याच्या पुढे बॅटरी 9 टक्क्यांवर आली असता, समोरचा चार्जर बंद असला तरी तो योग्य अंतरावर बंद आहे, या जाणिवेने मला मोठा धीर आला.

सोसायटीत चार्जर बसवायचा असल्यास सचिवांच्या घरच्या लग्नात आहेर भरघोस करावा.

परदेशातील नियम वाचू नयेत, रक्तदाब वाढतो. युरोपीय संघात 13 एप्रिल 2024 पासून नव्याने बसवलेल्या, 50 किलोवॉट व त्यावरील प्रत्येक सार्वजनिक चार्जरवर साध्या बँक कार्डाने पैसे भरता आलेच पाहिजेत. आपण मात्र प्रत्येक कंपनीचे निराळे ॲप उतरवून घ्यावे, रेंज नसलेल्या जागी ओटीपीची वाट पाहावी, वॉलेटमध्ये आगाऊ पैसे भरावेत आणि मग यंत्र सुरूच होत नाही, असे दिसल्यावर ते पैसे परत मिळवण्यासाठी अशा क्रमांकावर फोन करावा, जिथे आपला कॉल कंपनीसाठी किती महत्त्वाचा आहे हे संगीताच्या साथीने ऐकवले जाते. त्याच स्टेशनाबाहेर कणसे भाजणाऱ्या मावशी यूपीआयने पैसे घेतात, हो! लाखो रुपयांच्या यंत्राला तेवढे जमत नाही.

ब्रिटनने तर 2023 च्या नियमांत जलद चार्जरांचे जाळे वर्षभरात सरासरी 99 टक्के वेळ चालू ठेवणे बंधनकारक केले, चोवीस तासांची निःशुल्क मदतवाहिनी मागितली आणि चार्जरमागे 10,000 पौंडांपर्यंत दंड ठेवला. अमेरिकेनेही केंद्रीय निधीतून उभारलेल्या चार्जरांना 97 टक्क्यांची अट घातली.

सल्ले पुरे झाले; आता दोन शब्द केंद्र सरकारला. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असे सांगून केंद्राने 2018 मध्ये परवान्याची गरज काढून टाकली, हे योग्यच झाले. पण परवाना नाही म्हणजे जबाबदारीही नाही, असा सोयीस्कर अर्थ कंपन्यांनी लावला आणि तो तुम्ही लावू दिलात. याच सेवेवर 18 टक्के जीएसटी मात्र न चुकता वसूल करता. फिती कापलेल्या यंत्रांची संख्या आम्हाला ऐकवू नका; त्यांपैकी आज सकाळी किती चालू होती, ते सांगा. बंद यंत्र ॲपवर ‘उपलब्ध’ दाखवणाऱ्यांना दंड करा. आणि यंत्रावर एक क्यूआर कोड चिकटवायला नक्की कोणती समिती नेमायची राहिली आहे?