अटलांटिसची पुजारीण आणि रोजच्या ४०० पोळ्या

गेल्या रविवारी सकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. "अरे, ऐक ना, मी मागच्या जन्मी अटलांटिसमध्ये पुजारीण होते!" अटलांटिस म्हणजे समुद्रात बुडालं म्हणतात ते दंतकथेतलं बेट.

ताईचं डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र आहे. रोजच्या ४०० पोळ्या. कुठल्याशा ऑनलाइन 'पास्ट लाइफ रीडिंग'चे तिने ४,५०० रुपये भरले होते. पलीकडच्या बाईंनी डोळे मिटून ताईचे 'आकाशिक रेकॉर्ड्स', म्हणजे सगळ्या जन्मांची म्हणे आकाशात असलेली नोंदवही, उघडले आणि त्यातून ही पुजारीण निघाली.

मी हसलो नाही. हसायला तोंड नव्हतं, कारण कॉलेजात असताना मी स्वतः यात गळ्यापर्यंत बुडालो होतो. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर, झोपेत लोकांचे मागचे जन्म सांगणाऱ्या एडगर केसीवरचं एक फाटकं पुस्तक मिळालं होतं. पुढची दोन वर्षं मी मित्रांना अटलांटिसचे स्फटिक आणि विमानं समजावून सांगत होतो. बिचारे ऐकायचे, कारण चहाचे पैसे मी द्यायचो.

केसी हा माणूस होता मात्र विलक्षण. जन्म १८७७ चा, अमेरिकेतल्या केंटकीतला. पेशाने फोटोग्राफर, चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवणारा. बूट-टाय सैल करून कोचावर आडवा व्हायचा, पोटावर हात ठेवायचा आणि झोपल्यासारखा होऊन बोलायला लागायचा. बायको प्रश्न विचारायची, ग्लॅडिस डेव्हिस नावाची स्टेनो शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायची. अशी १४,००० हून जास्त रीडिंग्ज नोंदलेली आहेत. बहुतेक आजारपणाची, आणि त्यातला एक आवडता उपाय म्हणजे एरंडेलाच्या पट्ट्या. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, त्यात झोपायचं काय एवढं?

पुनर्जन्म आला तो १९२३ मध्ये. ओहायोतल्या डेटन गावचा लॅमर्स नावाचा छापखानेवाला. थिऑसॉफीची, म्हणजे पूर्वेकडचे धर्म आणि गूढविद्या एकत्र करणाऱ्या पंथाची, आवड असलेला. त्याने आजार सोडून भलतंच विचारलं आणि झोपलेल्या केसीच्या तोंडून निघालं, हा मागे एकदा मठातला साधू होता. जागा झाल्यावर केसी स्वतःच हादरला. त्याच्या धर्मात हे बसत नव्हतं. त्याने म्हणे पुन्हा अख्खं बायबल वाचून काढलं. हा भाग मला अजून खरा वाटतो. ढोंगी माणूस एवढा घाबरत नाही.

आणि आपण? आपल्याला यात घाबरण्यासारखं काही नाहीच. 'मागच्या जन्मी काय पाप केलं होतं' हे आपण गॅस सिलिंडर संपला तरी म्हणतो. तो 'आकाशिक' शब्दसुद्धा आपल्याच 'आकाशा'चा. थिऑसॉफीवाल्यांनी तो उचलला. त्यांच्या मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट १८७९ मध्ये मुंबईत उतरले होते, गिरगावात राहिले होते, मग १८८२ मध्ये मद्रासजवळ अड्यारला गेले. गिरगावच्या हवेतून गेलेला शब्द अमेरिका फिरून डोंबिवलीला परत आला, आणि येताना ४,५०० रुपयांचा झाला.

बरं, जिथे पडताळून बघता येतं तिथे काय झालं? स्वतःचं हॉस्पिटल काढायला पैसा हवा म्हणून केसी आणि मित्रांनी टेक्सासमध्ये रीडिंगच्या भरवशावर तेलाच्या विहिरी खणल्या. तेल लागलं नाही. १२,००० वर्षांपूर्वी बुडालेलं बेट दिसतं, पायाखालचं तेल दिसत नाही! अटलांटिसचा काही भाग १९६८-६९ मध्ये वर येईल, असं १९४० च्या रीडिंगमध्ये होतं. १९६८ मध्ये बहामातल्या बिमिनी बेटाजवळ पाण्याखाली दगडांची फरसबंदीसारखी रांग खरंच दिसली, आणि एकच जल्लोष झाला. भूवैज्ञानिकांनी तपासलं तर तो किनाऱ्यावर आपोआप तयार होऊन तडकलेला चुनखडीचा खडक. पुस्तकात जल्लोषापर्यंतच होतं. पुढचं मला कित्येक वर्षांनी कळलं.

पण माझं मन बदललं ते मार्क लेहनरमुळे. हा केसीचा पक्का भक्त. केसी सांगून गेला होता की इजिप्तमधल्या गिझाचा मोठा पिरॅमिड इसवी सनापूर्वी १०,४०० च्या आसपासचा, आणि शेजारच्या स्फिंक्सपाशी, म्हणजे सिंहाच्या धडाच्या त्या प्रचंड पुतळ्यापाशी, अटलांटिसचा दफ्तरखाना पुरलेला आहे. तो शोधायला केसीच्या अनुयायांनी या पोराला १९७३ मध्ये कैरोला शिकायला पाठवलं. तो गेला, आणि दगड, गाळ, हत्यारांच्या खुणा बघत बसला. १९७८ मध्ये स्फिंक्सजवळ भोकं पाडून पाहिली, दफ्तरखाना नाही. १९८४ मध्ये पिरॅमिडच्या दगडांमधल्या गाऱ्यातले कोळशाचे कण काढून कार्बन डेटिंग केलं, त्यालाही केसीच्या संस्थेचे पैसे होते. वय मान्य इतिहासापेक्षा काही शतकं जास्त आलं, पण १०,४०० च्या जवळपासही नाही. स्वतःच्या श्रद्धेची तपासणी स्वतःच्या खिशातून करणारी मंडळी मी फार कमी पाहिलीत, म्हणून त्यांना सलाम.

लेहनर मग गिझातच राहिला, मोठा इजिप्ततज्ज्ञ झाला. दफ्तरखान्याऐवजी त्याला सापडली पिरॅमिड बांधणाऱ्यांची वस्ती, आणि १९९१ मध्ये तिथल्या पाव भाजायच्या भट्ट्या. घंटेच्या आकाराची मातीची जाड भांडी, राख, कोळसा. हजारो माणसं दगड ओढत होती, म्हणजे कुणीतरी रोज पहाटे उठून त्यांचं पीठ मळत होतं.

त्या रविवारी रात्री मी ताईला हे सगळं सांगितलं. म्हटलं, ताई, एक कोडं सोडव. ज्याला त्याला मागचा जन्म पुजाऱ्याचा नाहीतर राजकन्येचा मिळतो. एवढ्या मोठ्या गिझात त्या भट्टीपुढे घाम पुसत बसलेली बाई कुणाच्याच रीडिंगमध्ये कशी येत नाही?

ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मागे परातीचा आवाज येत होता.

"म्हणजे तेव्हाही मी भाकऱ्याच बडवत होते, असं सांगायला मी त्या बाईला साडेचार हजार देऊ?"