दाताच्या एक्स-रेवरचा तो मेसेज आणि माझ्या भाचीची दाढ

परवा रात्री भाचीचा फोन आला. गाल सुजलाय, चार दिवस धड झोप नाही. दंतवैद्य म्हणतात एक्स-रे पाहिल्याशिवाय दाढेला हात लावणार नाही, आणि ही तो काढू देत नाही. का, तर एकविसावा आठवडा चालू आहे आणि ताईने, म्हणजे तिच्या आईने, एक मेसेज पाठवलाय. "मामा, तूच सांग आता."

तोच मेसेज महिन्याभरात मला निदान सात जणांनी पाठवलाय. एक्स-रे यंत्रं तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून जो तो "खरं का रे हे?" म्हणत माझ्याकडे ढकलतो. एकेकाला उत्तर देऊन कंटाळलो. मेसेज थोडक्यात असा: दाताचा एक एक्स-रे म्हणजे छातीचे शंभर. किरण तीन महिने अंगात राहतात, ते काढायला आयोडीनच्या गोळ्या घ्या. गरोदर बाईने एक्स-रे काढला तर मूल अपंग होतं. डॉक्टर स्वतः बाहेर पळतो, यातच सगळं आलं. शिशाचा एप्रन दिला नाही तर तिथून उठून या. आणि ही यंत्रं कुणी कधी तपासत नाही, ती बंद असतानाही गळत असतात.

शंभराचं आधी उरकतो. तोंडात सेन्सर ठेवून काढलेल्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.००५ मिलिसिव्हर्ट (किरणांचा शरीरावरचा परिणाम मोजायचं एकक). जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. भागाकार करून बघा, एका दिवसाच्या आसपास येतं. छातीच्या एक्स-रेचा डोस याहून जास्त असतो, म्हणजे गणित मुळातच उलटं मांडलंय. जबड्याचा थ्रीडी स्कॅन, ज्याला सीबीसीटी म्हणतात, त्याचा डोस मात्र बराच वर जातो. तो उठसूट काढू नये, हे मान्य.

आता गरोदरपणाचं. इथे मला खरा राग येतो, कारण बाकीचं हसण्यावारी नेता येईल, हे नाही. किरणांचा झोत गालावर असतो, पोटावर नाही. डोक्यातून विखरून खाली जे काही पोचतं, ते गर्भापाशी ०.०१ मिलिग्रेपेक्षाही (मिलिग्रे म्हणजे शरीरात जिरलेले किरण मोजायचं एकक) कमी भरतं. किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, आयसीआरपीने, २००० सालीच लिहून ठेवलंय की १०० मिलिग्रेच्या खालच्या डोससाठी गर्भपाताचा विचार करण्याचं कारण नाही. या दोन आकड्यांत किमान दहा हजार पटींचं अंतर आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं की गरोदरपणात दाताचा एक्स-रे सुरक्षित आहे आणि रूट कॅनालसारखे तातडीचे उपचार कुठल्याही महिन्यात करता येतात.

आणि भाची या चार दिवसांत काय करत होती? आयब्युप्रोफेन गिळत होती! मैत्रिणीने दिली म्हणून. विसाव्या आठवड्यानंतर या जातीच्या वेदनाशामक गोळ्या टाळा, बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिलेला आहे. म्हणजे सेकंदाच्या अंशभर चालणाऱ्या एक्स-रेला घाबरून तिने दाढेत पू साठू दिला आणि वर नको ती गोळी घेतली. त्यात आयोडीनची भर पडायची तेवढी राहिली होती.

ते आयोडीन कुठून आलं हेही सांगतो. अणुभट्टीच्या अपघातात किरणोत्सारी आयोडीन हवेत पसरतं. ते थायरॉइडमध्ये शिरू नये म्हणून साध्या आयोडीनने ती ग्रंथी आधीच भरून टाकतात, त्यासाठी त्या गोळ्या. एक्स-रेत आयोडीन नसतंच. खोलीतला दिवा मालवल्यावर उजेड जसा कोपऱ्यात साठून राहत नाही, तसेच हे किरण बटण सोडलं की संपतात, अंगात काही उरत नाही. मग धुऊन काय काढणार? उलट गरोदर बाईने आयोडीनचा मोठा डोस घेतला तर बाळाचाच थायरॉइड मंदावू शकतो.

डॉक्टर बाहेर जातो, कारण तुमचा एक्स-रे एकदाच निघतो आणि त्याच्यासमोर वर्षानुवर्षं रोज निघत असतात. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स सुरुवातीच्या काळात रोग्याच्या तोंडातली फिल्म स्वतःच्या हाताने धरत. आधी बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. त्यांच्या पिढीने भोगलं म्हणून आजचा डॉक्टर दोन मीटर लांब उभा राहतो. त्याला पळणं म्हणत नाहीत.

एप्रनचा मुद्दा ताईला सर्वांत पटलेला. तर ऐका: अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने फेब्रुवारी २०२४ मध्ये दाताच्या एक्स-रेसाठी शिशाचा एप्रन आणि गळ्याची पट्टी, दोन्ही बंद करा असं सांगितलं. सगळ्यांसाठी, गरोदर बायकांसाठीसुद्धा. (वरच्या २०१३ च्या सल्ल्यात पोट आणि गळा झाकायला सांगितलं होतं, मधल्या काळात मत बदललं.) आजच्या यंत्रांत पोटापर्यंत जवळजवळ काही पोचत नाही, पण पट्टी झोताच्या आड आली तर फोटो बिघडतो आणि पुन्हा काढावा लागतो. कुठे नियमच असेल, किंवा तुम्हाला बरं वाटत असेल, तर घाला बापडे. पण एप्रन नाही म्हणजे डॉक्टर निष्काळजी, हा निष्कर्ष चुकीचा.

त्याच समितीने झोत चौकोनी करा असंही म्हटलंय, पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही. सेन्सर असतो साधारण ३ बाय ४ सेंटिमीटरचा, म्हणजे १२ चौरस सेंटिमीटर. यंत्राच्या तोंडाशी असलेल्या गोल नळकांड्यातून, ज्याला 'कोन' म्हणतात, येणारा ६ सेंटिमीटर व्यासाचा झोत २८ चौरस सेंटिमीटरवर पडतो. निम्म्याहून जास्त किरण फोटोच्या कामाचे नसतातच, ते नुसते गालाला मिळतात. चौकोनी कोन लावला की हा फुकटचा भाग वाचतो.

शेवटचा मुद्दा. बंद यंत्र गळतं हा निव्वळ मूर्खपणा आहे. आत किरणोत्सारी काही नसतं, हजारो व्होल्ट मिळाल्याशिवाय किरण तयार करणारी नळी म्हणजे नुसती काच आणि धातू. पण "कुणी तपासत नाही" याला मला पूर्ण खोटं म्हणता येत नाही, आणि हे लिहिताना जिवावर येतंय. यंत्रावर ७० केव्ही (म्हणजे ७० हजार व्होल्ट) लिहिलंय तर मीटरवर ७० येतात का, टायमर सांगितल्या वेळेला थांबतो का, पाच वेळा तेच बटण दाबलं तर पाचही वेळा डोस सारखा येतो का, नळीच्या डब्यातून बाजूला किती गळतं, हे ठरावीक काळाने बघायला हवं. बघतात असे दवाखाने आहेत, टाळणारेही आहेत. टाळणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर, "फोटो मस्त येतोय की!" मी अशा एका यंत्रात ॲल्युमिनियमचा फिल्टरच नसलेला पाहिलाय. ७० केव्हीपर्यंत एकूण दीड मिलिमीटरइतकं फिल्टरेशन लागतं, ते गालातच जिरणारे मऊ किरण आधीच अडवतं. ते नसलं तरी फोटो सुरेखच येतो, जास्तीचा डोस गाल खातो. हातात धरायच्या स्वस्त यंत्रांचं तर विचारूच नका, ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या तसल्या यंत्रांबद्दल अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये २०१२ मध्येच इशारे निघालेत.

तेव्हा खुर्चीत बसल्यावर विचारायचंच असेल तर हे विचारा: तपासणी शेवटची कधी झाली, आणि कोन चौकोनी आहे का.

भाचीने विचारलं. काल एक्स-रे निघाला. पू दुखणाऱ्या दाढेखाली नव्हताच, शेजारच्या दाढेच्या मुळाशी होता.