पेनड्राइव्ह फॉरमॅट मारू नका: 'शॉर्टकट व्हायरस'वरच्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

शाळा-कॉलेजांच्या, दुकानदारांच्या, सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सल्ला कित्येक वर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. पेनड्राइव्हमधली फोल्डरं शॉर्टकट (दुसऱ्या फाईलकडे नेणारी छोटी फाईल) झाली म्हणजे व्हायरसने डेटा खाल्ला. पेनड्राइव्ह लगेच फॉरमॅट मारा, व्हायरस मुळापासून जातो. तरीही परत आला तर विंडोज नवीन टाकून घ्या. कॉम्प्युटरवर दोन अँटीव्हायरस ठेवा. आणि पेनड्राइव्हमध्ये 'ऑटोरन' नावाचं रिकामं फोल्डर करून ठेवा, मग व्हायरस कधीच येणार नाही.

हा व्हायरस सहसा फाईली पुसत नाही. त्या पुसल्या जातात हा सल्ला पाळल्यामुळे. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"व्हायरसने डेटा खाल्ला"

शॉर्टकट व्हायरस पेनड्राइव्हमधल्या खऱ्या फोल्डरांना 'हिडन' आणि 'सिस्टीम' असे दोन गुणधर्म लावतो. फोल्डरं जागेवरच असतात, फक्त विंडोज ती दाखवत नाही. त्यांच्या जागी त्याच नावाचे, १-२ केबीचे शॉर्टकट तयार होतात. तुम्ही 'प्रोजेक्ट' नावाच्या शॉर्टकटवर डबल-क्लिक केलं की दोन गोष्टी एकदम घडतात: लपवलेली स्क्रिप्ट, म्हणजे व्हायरसच्या आज्ञांची फाईल, चालते आणि खरं फोल्डरही उघडतं. समोर आपल्या फाईली दिसल्यामुळे काही बिघडलंय अशी शंकाच येत नाही. हे शॉर्टकट फोल्डर समजून डेस्कटॉपवर कॉपी केलं, तर तिथे पोचते ती १ केबीची निरुपयोगी फाईल. जीमेल तर या प्रकारची, म्हणजे एलएनके फाईल जोडूच देत नाही.

डेटा आहे की गेला, हे अर्ध्या मिनिटात कळतं. 'धिस पीसी'मध्ये पेनड्राइव्हवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. १६ जीबीच्या पेनड्राइव्हची एकूण जागा साधारण १४.९ जीबी दिसते, ते ठीकच आहे. पाहायचं ते 'यूज्ड स्पेस'. तिथे ९ जीबी वापरलेले दिसत असतील आणि आत फक्त चार-सहा शॉर्टकट असतील, तर तुमचा डेटा जवळजवळ नक्की आत आहे.

'शो हिडन फाइल्स'वर टिक करूनही तो दिसत नाही आणि लोक इथेच हरतात. कारण सिस्टीम गुणधर्म लागलेल्या फाईली विंडोज वेगळ्या लपवतं. फोल्डर ऑप्शन्सच्या 'व्ह्यू' टॅबमध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स' असा दुसरा पर्याय आहे, त्याची टिक काढावी लागते. मग खरी फोल्डरं फिकट रंगात दिसतात. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'हिडन'ची टिक काढायला गेलात तर तो चौकोन राखाडी असतो, दाबता येत नाही. तोही सिस्टीम गुणधर्माचाच परिणाम. आणखी एक: एक्स्टेन्शन दाखवायचा पर्याय चालू केला तरी शॉर्टकटचं एक्स्टेन्शन विंडोज दाखवत नाही. म्हणून 'डिटेल्स' व्ह्यू लावा आणि 'टाइप'च्या रकान्यात 'शॉर्टकट' लिहिलंय का ते बघा.

दोन्ही गुणधर्म एकदम काढायचे तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची विंडोजची काळी खिडकी) 'अॅट्रिब' कमांड द्यायची. स्पेलिंग: ए, टी, टी, आर, आय, बी. पुढे प्रत्येकाआधी एक जागा सोडून: वजा-एच, वजा-आर, वजा-एस, मग तिरकी रेघ आणि एस, तिरकी रेघ आणि डी, आणि शेवटी पेनड्राइव्हचं अक्षर, कोलन, बॅकस्लॅश, स्टार-डॉट-स्टार. यातला 'डी' विसरलात तर फाईली दिसतील, फोल्डरं लपलेलीच राहतील. ड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासा. चुकून 'सी' टाकलंत तर विंडोजच्या स्वतःच्या लपवलेल्या फाईली उघड्या पडतील. कमांड मेसेजमधून कॉपी-पेस्ट करू नका, हाताने टाइप करा. मेसेजमध्ये साध्या वजाच्या चिन्हाची बऱ्याचदा लांब रेघ होते आणि विंडोज 'पॅरामीटर फॉरमॅट नॉट करेक्ट' म्हणून नकार देतं.

काही जाती फाईली एका बिननावाच्या फोल्डरात हलवतात. नावाच्या जागी एक न दिसणारं अक्षर असतं आणि चिन्ह ड्राइव्हसारखं. गमारू ऊर्फ अँड्रोमेडा ही जात असंच करायची. तिची लागण झालेल्या कॉम्प्युटरांचं जाळं नोव्हेंबर २०१७ मध्ये एफबीआय, युरोपोल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून मोडलं. असं फोल्डर दिसलं तर ते नेहमीसारखं उघडा, फाईली तिथेच असतात.

यापेक्षाही सोपा रस्ता खिशात आहे. १००-२०० रुपयांचा ओटीजी अडॅप्टर घ्या आणि पेनड्राइव्ह अँड्रॉइड फोनला जोडा. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे. ते विंडोजचे हिडन-सिस्टीम गुणधर्म जुमानत नाही, त्यामुळे लपवलेली फोल्डरं सरळ दिसतात. विंडोजसाठी लिहिलेली स्क्रिप्ट तिथे चालतही नाही. आपल्या फाईली फोनमध्ये कॉपी करून घ्या, शॉर्टकट आणि अनोळखी नावाच्या स्क्रिप्ट फाईली घेऊ नका. पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर बरेच फोन तो वाचत नाहीत. बाजारातले बहुतेक पेनड्राइव्ह फॅट-३२ किंवा एक्सफॅट असतात, त्यामुळे ही अडचण क्वचित येते.

"फॉरमॅट मारा, मुळापासून जातो"

संपूर्ण मेसेजमध्ये सर्वांत जास्त नुकसान करणारं वाक्य हे. व्हायरसचं मूळ पेनड्राइव्हमध्ये नसतंच. पेनड्राइव्ह हे त्याचं वाहन. त्याचं बिऱ्हाड कॉम्प्युटरवर असतं.

एकदा शॉर्टकटवर क्लिक झालं की स्क्रिप्ट स्वतःची प्रत युजरच्या 'अॅपडेटा' किंवा 'टेम्प' फोल्डरात ठेवते आणि विंडोज सुरू होताना आपणही सुरू व्हावं अशी नोंद करते. त्यानंतर ती मागे चालूच राहते आणि नवा ड्राइव्ह लागला का, हे सतत पाहत राहते. त्याच कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह फॉरमॅट करणं म्हणजे तिला कोरा करकरीत पेनड्राइव्ह हातात देणं. पहिलं फोल्डर टाकताच काही सेकंदांत त्याचा शॉर्टकट होतो. लोक म्हणतात, "व्हायरस फॉरमॅटलाही दाद देत नाही." फॉरमॅट झाला तो पेनड्राइव्ह, स्क्रिप्ट चालू होती ती कॉम्प्युटरवर.

म्हणून क्रम असा: पेनड्राइव्ह काढा, आधी कॉम्प्युटर साफ करा, मग पेनड्राइव्हवरचा डेटा सोडवा, आणि त्याची प्रत दुसरीकडे ठेवल्यानंतर हवं तर फॉरमॅट करा. दोषी कॉम्प्युटर ओळखायची खूणही सोपी आहे. 'अॅट्रिब' दिल्यावर फोल्डरं दिसतात आणि थोड्याच वेळात पुन्हा लपतात? मग स्क्रिप्ट त्याच मशीनवर चालू आहे.

फॉरमॅट मारून बसला असाल तर पेनड्राइव्हवर एकही नवी फाईल टाकू नका. 'क्विक फॉरमॅट'ची टिक होती का, आठवा. सहसा ती आधीपासून असतेच. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त फाईलींची यादी नव्याने कोरी होते, मजकूर तसाच पडून राहतो. रेकुव्हा किंवा फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने तो बराचसा परत मिळू शकतो. फोटोरेकने काढलेल्या फाईलींची मूळ नावं जातात, एवढी तयारी ठेवा, आणि मिळालेल्या फाईली त्याच पेनड्राइव्हवर साठवू नका. टिक काढून पूर्ण फॉरमॅट केला असेल, तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या प्रत्येक विंडोजमध्ये सगळ्या जागेवर शून्यं लिहिली जातात. मग काही परत येत नाही.

"विंडोज नवीन टाकून घ्या"

बहुतेक वेळा गरज नसते. स्टार्टवर राइट-क्लिक करून टास्क मॅनेजर उघडा, 'डिटेल्स' टॅबमध्ये रकान्याच्या नावावर राइट-क्लिक करून 'कमांड लाइन' हा रकाना जोडा. 'डब्ल्यूस्क्रिप्ट' नावाचा, स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम चालू असेल तर कोणती फाईल चालवतोय, ते त्या रकान्यात पूर्ण पत्त्यासह दिसतं. पत्ता 'अॅपडेटा' किंवा 'टेम्प'मधला आणि फाईलचं नाव अगम्य असेल, तर चोर सापडला. पत्ता लिहून घ्या, मग 'एंड टास्क' करा आणि ती फाईल काढा. सुरू होण्याच्या नोंदी तीन ठिकाणी शोधा: स्टार्टअप फोल्डर, रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) 'रन' नोंद आणि टास्क शेड्युलर. मायक्रोसॉफ्टचं 'ऑटोरन्स' हे मोफत साधन तिन्ही एकाच यादीत दाखवतं. स्क्रिप्ट बंद केली तरी लगेच सुरू होत असेल तर सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच प्रोग्रॅमांसह विंडोज सुरू करण्याच्या पद्धतीत, जा. तिथे 'रन'मधल्या नोंदी सहसा चालत नाहीत.

हे सगळं किचकट वाटत असेल तर डिफेंडर या विंडोजमध्येच असलेल्या अँटीव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन वापरा. विंडोज सिक्युरिटी, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'स्कॅन ऑप्शन्स', आणि त्यात 'ऑफलाइन स्कॅन'. उघडलेलं काम आधी सेव्ह करा, कारण मशीन रिस्टार्ट होतं. विंडोज सुरू होण्यापूर्वीच स्कॅन होत असल्यामुळे व्हायरसला लपायला वाव राहत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात. पेनड्राइव्ह नंतर राइट-क्लिक करून वेगळा स्कॅन करा; 'फुल स्कॅन'मध्ये तो आपोआप धरला जात नाही.

विंडोज नवीन टाकताना अनेक ठिकाणी चोरीची प्रत टाकली जाते आणि ती चालू करणारा 'अॅक्टिव्हेटर' अँटीव्हायरस बंद करायला सांगतो. बंद केलेला अँटीव्हायरस पुढे कोणी चालू करत नाही आणि एखाद्या फोल्डराला स्कॅनमधून दिलेली सूट कोणी मागे घेत नाही. म्हणजे व्हायरस काढायला पैसे मोजले आणि पहारेकरी घालवला.

"दोन अँटीव्हायरस ठेवा"

ठेवू नका. दोघंही प्रत्येक फाईल उघडताना मध्ये येऊन तपासतात, एकमेकांच्या फाईली संशयित ठरवतात आणि मशीन रांगतं. दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, तो याचसाठी. मुदत संपलेला अँटीव्हायरस मात्र तसाच ठेवू नका. तो काढून टाकला की डिफेंडर पुन्हा चालू होतो.

अँटीव्हायरसवरचा एक आरोपही इथेच खोडून काढायला हवा. तो शॉर्टकट आणि स्क्रिप्ट काढतो, पण बऱ्याचदा खऱ्या फोल्डरांचे गुणधर्म पूर्ववत करत नाही. पेनड्राइव्ह रिकामा दिसतो आणि "अँटीव्हायरसने सगळं उडवलं" असं वाटतं. पुन्हा 'यूज्ड स्पेस' बघा.

"ऑटोरन फोल्डर केलं की व्हायरस येत नाही"

एकेकाळी यात अर्थ होता. पेनड्राइव्ह लावताच 'ऑटोरन' फाईल वाचून प्रोग्रॅम आपोआप चालायचा. २००८ च्या नोव्हेंबरात आलेला कॉन्फिकर नावाचा व्हायरस हाही रस्ता वापरायचा. त्याच नावाचं फोल्डर आधीच असलं तर त्या नावाची फाईल तयार होत नाही, एवढीच ती युक्ती. पण २००९ च्या विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी ऑटोरन बंद झालं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टासाठीही मायक्रोसॉफ्टने तसं अपडेट दिलं. शॉर्टकट व्हायरस रुजला तो त्यानंतर: आपोआप चालणं थांबलं म्हणून त्याने माणसाच्या हातून क्लिक करवून घेतलं. त्याला ऑटोरन लागतच नाही, मग ते फोल्डर त्याला काय अडवणार?

शॉर्टकट नुसता दिसल्यानेही कोड चालू शकतो, हे २०१० मध्ये स्टक्सनेट या व्हायरसने दाखवलं होतं. ते विंडोजमधल्या एका त्रुटीमुळे, आणि तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१० मध्ये अपडेट दिलं. अपडेट चालू ठेवण्याचं हे ठोस कारण आहे. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

मेसेजमध्ये नसलेलं

'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' ही खिडकी आली की लोक तिलाही व्हायरस समजतात. ती बहुधा फाईलींची यादी बिघडल्याची खूण असते: कॉपी चालू असताना पेनड्राइव्ह उपटला किंवा चिप मरायला आली. तिथे 'कॅन्सल' करा आणि आधी फोटोरेकने डेटा काढून बघा. काहीशे रुपयांत मिळणारा १-२ टीबीचा पेनड्राइव्ह हा वेगळाच प्रकार. त्यात खरी जागा थोडीच असते. ती भरली की पुढच्या फाईली नावापुरत्या दिसतात, उघडत नाहीत. एचटू-टेस्ट-डब्ल्यू या प्रोग्रॅमने खरी जागा तपासता येते. हा प्रोग्रॅम पूर्ण जागा भरून बघतो, म्हणून पेनड्राइव्ह रिकामा असतानाच चालवा.

झेरॉक्सला जाताना सगळा संसार घेऊन जाऊ नका. ज्या पीडीएफची प्रिंट हवी तेवढीच एका जुन्या पेनड्राइव्हवर न्या, मूळ प्रत घरी ठेवा, आणि परत आल्यावर तो पेनड्राइव्ह आधी फोनला लावून बघा.

झेरॉक्स आणि ई-सेवा केंद्र चालवणाऱ्यांना मात्र एक विनंती, कारण दिवसभरात लागणारे सगळे पेनड्राइव्ह एकाच मशीनमधून जातात. त्या मशीनवर विंडोज स्क्रिप्ट होस्ट, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारी विंडोजची सोय, बंद करता येतं. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज स्क्रिप्ट होस्ट, सेटिंग्ज इथे जा, 'एनेबल्ड' नावाची ३२-बिट डीवर्ड प्रकारची नोंद तयार करा आणि तिची किंमत ० ठेवा. रजिस्ट्रीचा बॅकअप आधी घ्या. कोणी शॉर्टकटवर क्लिक केलं तरी व्हीबीएस प्रकारची स्क्रिप्ट चालणार नाही, फक्त 'अॅक्सेस इज डिसेबल्ड' असा निरोप येईल. यामुळे विंडोजचं अॅक्टिव्हेशन तपासणारी कमांडही चालत नाही. गरज पडली तर किंमत तात्पुरती १ करा. हा उपाय स्क्रिप्टवर चालणाऱ्या जातींपुरताच आहे. २०२१ पासून आढळलेला रास्पबेरी रॉबिन हा व्हायरस शॉर्टकटमधून विंडोजचा इन्स्टॉलर प्रोग्रॅमच वापरतो. तो थांबवायचा तर डिफेंडर चालू आणि अपडेट केलेला हवा, आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह उघडण्याआधी राइट-क्लिक करून स्कॅन व्हायला हवा.