युद्धांचा कंटाळा आलेल्या मतदारासाठी हितोपदेश

तुमचं मत आयोवात किंवा न्यू हॅम्पशायरमध्ये असेल आणि अमेरिकेने जगाची फौजदारी आता पुरे करावी असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर आधी तुमचं अभिनंदन. प्रायमरीच्या, म्हणजे पक्षांनी आपापला उमेदवार ठरवायच्या मतदानाच्या, हंगामात तुमच्याइतका भाव कुणालाच नसतो. अध्यक्ष व्हायला निघालेला माणूस बाह्या दुमडून तुमच्या गावात येतो, आयोवाच्या जत्रेत काडीला टोचलेलं पोर्क चॉप खातो आणि तुमचा प्रश्न मध्ये न तोडता ऐकून घेतो. तेव्हा विचारून घ्या. "आपली पोरं घरी कधी येणार?" हा प्रश्न उत्तम आहे. उत्तरही उत्तमच मिळेल. फक्त ते लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका, तब्येतीला बरं नसतं.

स्पष्ट बोलणारा उमेदवार हवा असेल तर रिपब्लिकन पक्षाच्या जॉन मॅकेन यांचा आदर्श ठेवा. जानेवारी 2008मध्ये न्यू हॅम्पशायरच्या डेरी गावात एका मतदाराने त्यांना विचारलं, की अध्यक्ष बुश म्हणतात आपण इराकमध्ये पन्नास वर्षं राहू. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मॅकेन म्हणाले, शंभर का नको? आपली माणसं मरत नसतील तर हरकत नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. काही दिवसांतच न्यू हॅम्पशायरची प्रायमरी त्यांनी जिंकली.

हे पचत नसेल तर दुसऱ्या, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या रांगेत उभे राहा. ऑक्टोबर 2002मध्ये सिनेटने 77 विरुद्ध 23 मतांनी बुश यांना इराकवर चालून जायची मुभा दिली होती. त्या 77 जणांत हिलरी क्लिंटन, जो बायडन आणि जॉन केरी हे तिघेही होते. 2008च्या प्रायमरीत हे मत क्लिंटनबाईंना भारी पडलं आणि बराक ओबामा पुढे गेले. ओबामा यांनी 2002मध्ये शिकागोत त्या युद्धाविरुद्ध भाषण केलं होतं. तेव्हा ते सिनेटमध्ये नव्हते, त्यामुळे मत देण्याची वेळच आली नव्हती. यावरून एक गोष्ट शिका: युद्धाच्या दिवशी जो सभागृहाबाहेर होता तोच सर्वांत निर्मळ. तर तुम्ही त्या मतावर राग काढलात आणि ओबामांना निवडलंत. त्याबदल्यात तुम्हाला काय मिळालं? बायडन उपाध्यक्ष. क्लिंटन परराष्ट्रमंत्री. त्या गेल्यावर केरी परराष्ट्रमंत्री. संरक्षण खात्यात आधी बुश यांचेच रॉबर्ट गेट्स, पुढे चक हेगेल, तेही त्या 77 पैकीच. एका मतात इतकं सगळं! कुरकुर करू नका. शिवाय डिसेंबर 2009मध्ये अफगाणिस्तानात आणखी 30,000 सैनिक जाहीर झाले आणि दहाच दिवसांच्या आत ओस्लोत शांततेचं नोबेलही स्वीकारलं गेलं. एकाच महिन्यात दोन्ही बाजू सांभाळणारा नेता सहसा मिळत नाही.

नीतिमत्तेचा मुद्दा मात्र चुकूनही काढू नका, निदान साउथ कॅरोलायनात तरी नाही. 16 जानेवारी 2012, मर्टल बीच, रिपब्लिकन वादसभा. तो दिवस नेमका मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या सुट्टीचा. रॉन पॉल नावाचे वयस्कर डॉक्टर तिथे म्हणाले, की इतर देशांनी आपल्याशी जे करू नये असं वाटतं, ते आपणही त्यांच्याशी करू नये. सांगितलं ते बायबलातलंच. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या त्या प्रदेशातल्या सभागृहाने डॉक्टरांची हुर्यो उडवली. त्याच सभेत न्यूट गिंग्रिच यांनी अँड्र्यू जॅक्सनचा दाखला देऊन शत्रूंचं काय करायचं ते सांगितलं: मारून टाका. टाळ्यांचा कडकडाट. पाच दिवसांनी साउथ कॅरोलायना जिंकली ती गिंग्रिच यांनी, डॉक्टर चौथे. आपला तो बाब्या हे परराष्ट्र धोरण तिथे कुणाला शिकवावं लागत नाही.

चार वर्षांनी त्याच राज्यात, ग्रीनव्हिलला, डोनाल्ड ट्रम्प यांनी बुश यांच्या भावाच्या तोंडावर इराक युद्धाला घोडचूक म्हटलं. सभागृहात पुन्हा हुर्यो, पण आठवड्याभरात राज्य त्यांचं, आणि जेब बुश घरी. म्हणजे वैतागलेल्या मतदाराला अखेर आपला माणूस मिळाला! पुढचं वाचायची घाई करू नका. एप्रिल 2017मध्ये सीरियाच्या हवाई तळावर 59 टोमाहॉक क्षेपणास्त्रं सुटली. त्या वेळी ट्रम्प मार-अ-लागोत चीनच्या अध्यक्षांबरोबर जेवत होते. टीव्हीवरच्या मुलाखतीत त्यांनी ती हकीकत रंगवून सांगितली. चॉकलेट केक किती देखणा होता हे बरोबर आठवलं. क्षेपणास्त्रं कुठे गेली हे सांगताना मात्र ते इराक म्हणाले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी सीरिया म्हणून दुरुस्ती केली. वर्षभराने राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार म्हणून कोण आले? इराक युद्धाचे कट्टर पुरस्कर्ते जॉन बोल्टन. दुसऱ्या शपथविधीला, जानेवारी 2025मध्ये, ट्रम्प म्हणाले की आपण ज्या युद्धांत पडणारच नाही, त्यांवरूनही आपलं यश मोजलं जाईल. जूनमध्ये इराणच्या फोर्दो अणुकेंद्रावर बॉम्ब पडले. पाच महिने टिकलं की, आणखी काय हवं?

तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळातले असाल तर तुम्हाला इतका ताप नाही. न्यू जर्सीची प्रायमरी अलीकडे बहुधा जूनमध्ये येते, तोवर नावं ठरलेली असतात. निवांत जा, मत द्या, येताना भाजी आणा.

कायद्यावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठीही दोन शब्द. 1973च्या कायद्याप्रमाणे काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, न विचारता सुरू केलेली लढाई साधारण 60 दिवसांत थांबवावी लागते. 2011मध्ये लिबियावर ही मुदत उलटून गेली, तेव्हा सरकारने काँग्रेसला कळवलं की जमिनीवर आपले सैनिक नाहीत, समोरून गोळीबार नाही, तेव्हा कायदा लागूच होत नाही. विमानं त्या काळातही उडतच होती. राज्यघटनेने युद्ध जाहीर करायचा अधिकार दिलाय तो काँग्रेसला, आणि काँग्रेसने तो शेवटचा वापरला जून 1942मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान, कुठेही युद्ध जाहीर झालेलं नाही. तेव्हा पुढच्या सभेत माइक हातात आला आणि "युद्धांचा कंटाळा आला" म्हणालात, तर उमेदवार अत्यंत आदराने विचारेल, की कोणत्या? "बल्गेरिया" असं उत्तर द्या, म्हणजे पंचाईत होणार नाही.